थायरॉईडच्या गोळीचा खर्च : शिरूर व दौंड तालुक्यांतील नागरिकांस जाहीर आवाहन

थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावल्यामुळे रोज गोळी घ्यावी लागणाऱ्या शिरूर व दौंड तालुक्यांतील रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना असे आवाहन करण्यात येते की, खर्च परवडत नाही म्हणून ही गोळी कोणीही परस्पर बंद करू नये किंवा एक दिवसाआड घेऊन पुरवू नये, कारण तीच गोळी स्वस्तात मिळण्याचे सरळ मार्ग उपलब्ध आहेत.

डबीवर ठळक छापलेले एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म किंवा थायरॉक्स हे नाव कंपनीचे असते. त्याखाली बारीक अक्षरांत थायरॉक्सिन सोडियम किंवा लेव्होथायरॉक्सिन असे लिहिलेले असते, ते मूळ औषध होय, आणि त्याशेजारचा 25, 50 वा 100 हा आकडा मायक्रोग्रॅममधील, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागातील, मात्रा दाखवतो. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार त्याची कमाल किंमत सरकार ठरवते. परंतु छापील किंमत ही वरची मर्यादा असून दुकानदार त्याहून कमी दर लावू शकतो, तेव्हा विचारण्यात संकोच नसावा आणि पावती अवश्य घ्यावी.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. त्यामुळे खासगी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात गोळीचा साठा आहे का आणि टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची रक्तातील पातळी, तेथे मोजून मिळते का, याची चौकशी करावी. तेथे सोय न झाल्यास मूळ नावाची औषधे स्वस्तात देणारे जनऔषधी केंद्र आहेच. डॉक्टरांनीही औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय आचारसंहितेत 2016 पासून नमूद आहे. ते लिहून मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने चालत असताना त्याच परिसरातील रुग्णाची गोळी पैशांअभावी चुकावी, हे लाजिरवाणे आहे.

तथापि, स्वस्त गोळीच्या शोधात दर महिन्याला कंपनी बदलणे घातक ठरू शकते. मात्रेतील थोडासा फरकही शरीराला जाणवतो. म्हणून डॉक्टरांना सांगून एकदाच बदल करावा, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे आणि पुढे तीच कंपनी कायम ठेवावी.

ज्या खर्चाची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही, तो चुकीच्या वेळेमुळे होतो. पहाटे धारा काढायला जाण्यापूर्वी दुधाच्या चहाबरोबर गोळी घेतली, तर तिचा काही भाग शरीरात शोषला जात नाही, मग टीएसएच वाढलेले दिसते, मात्रा वाढवली जाते आणि पुन्हा तपासणी करावी लागते. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी व चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. गरोदर महिलांनी लोह व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीनंतर किमान चार तासांनी घ्याव्यात. हे अंतर आशा सेविकांनी घरोघरी समजावून सांगावे. गरोदरपणात गोळीची गरज बहुधा वाढते, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे.

दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी जवळच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता व शासकीय रुग्णालयातील तपासणीच्या वेळा सूचना फलकावर लावाव्यात, अशी विनंती आहे.