हलकाफुलका सिनेमा बघायला लाजू नका

मोजकेच सिनेमे निवडून पाहणाऱ्यांची एक अडचण असते. गंभीर, पुरस्कार मिळालेला सिनेमा पाहिला की वेळ सत्कारणी लागला असं वाटतं. नुसताच हसवून घरी पाठवणारा पाहिला की उगाच अपराधी वाटतं. सातारा-सांगलीकडे तर ही मंडळी भरपूर. तुम्हीही त्यातले असाल तर माझं ऐका, वर्षाच्या दोन-तीन सिनेमांत एक जागा हलक्याफुलक्या सिनेमासाठी राखून ठेवा.

परेश मोकाशी यांचा २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' घ्या. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) कसा केला, त्याची ही गोष्ट. चरित्रपट म्हटल्यावर तुम्ही जरा सावरून बसाल, पण नंदू माधव यांचे फाळके म्हणजे नवं खेळणं सापडलेलं पोर! पैसे संपतात, लोक वेड्यात काढतात, तरी घरात रडारड नाही. सरस्वतीबाई आणि मुलं या खटाटोपात आनंदाने सामील. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवली. सांगलीकरांना याचं काय कौतुक! १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हाही स्त्रियांची कामं पुरुषच करत होते.

याच धडपडीत फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, उपचारांनी ती परत आली. (सिनेमे पाहून कोणी आंधळं होत नाही. मात्र अचानक दिसेनासं झालं तर 'ताण असेल' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.)

हसणं म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. रक्तदाबाची गोळी सिनेमाने सुटत नाही. पण घरच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला नेणारी सून किंवा मुलगा मला भेटतो, तेव्हा मी त्यांच्याही झोपेची, जेवणाची चौकशी करतो. 'घरात आजारपण असताना सिनेमा बघितला तर लोक काय म्हणतील?' हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. म्हणू देत. दोन तास कोणीतरी रुग्णाजवळ बसा आणि त्या माणसाला जाऊ द्या. सेवा करणारा थकून आजारी पडला, तर घरात रुग्ण दोन होतात. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी मात्र विनोदी सिनेमा घरीच बघावा आणि हसताना, खोकताना पोटाशी उशी धरावी.

आता खरी काळजीची गोष्ट. सिनेमा न आवडणं हा आजार नाही, आवडनिवड असतेच. पण पूर्वी ज्यात रमायचात ते सिनेमा, गाणी, नातवंडं, शेत, यातलं काहीच आता नकोसं झालं असेल आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर हे नैराश्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी घरचे म्हणतात, 'चल, जरा पिक्चरला जाऊ, बरं वाटेल.' हेतू चांगलाच असतो, पण नैराश्यात आनंद घेण्याची क्षमताच मंदावलेली असते. पडद्यावर सगळे हसत असताना आपल्याला हसू येत नाही, हे त्या माणसाला आणखी खुपतं. त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा झाल्याचं तो बोलला तर त्याला एकटं सोडू नका. सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.