मुखवट्याचा भाव आणि पाण्याचे मोल

२०१३ च्या मार्च महिन्यात मराठवाडा १९७२ नंतरच्या सर्वांत भीषण म्हणून गणल्या गेलेल्या दुष्काळात होरपळत होता. गावोगावी टँकरभोवती घागरींच्या रांगा लागत होत्या. त्याच सुमारास मुंबईच्या वर्सोवा भागात होळीच्या निमित्ताने कृत्रिम पावसात नाचण्याचा कार्यक्रम चालू होता. तेथेच राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थाने पाण्याच्या या नासाडीला हरकत घेतली आणि त्याबद्दल त्याला मारहाण झाल्याचे वृत्त वर्तमानपत्रांत आले. हे गृहस्थ म्हणजे सदाशिव अमरापूरकर. प्रेक्षक त्यांना तीस वर्षे खलनायक म्हणून ओळखत आले होते!

नटाने नटापुरते राहावे, लष्करच्या भाकऱ्या भाजू नयेत, असा शहाजोग उपदेश अशा वेळी हमखास ऐकू येतो. वरवर निरुपद्रवी वाटणारा हा उपदेश मुळात बाजाराचा आहे. ज्या मालाला भाव आहे तेवढाच पुरवावा, माणसाचा उरलेला भाग घरी ठेवावा, हा त्याचा मथितार्थ. अमरापूरकरांची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

अहमदनगरच्या हौशी रंगभूमीवर घडलेला हा नट. '२२ जून १८९७' (१९७९) या मराठी चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळक उभे केले. १९८३ साली गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' आला. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतील रामा शेट्टी हा गुंड आवाज चढवत नाही, धावपळ करीत नाही. तो बसल्या जागेवरून सत्ता चालवतो आणि महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो. गुन्हेगारी आणि राजकारण यांची सोयरीक किती घरगुती असते, हे त्या थंड डोळ्यांनी दाखवून दिले. सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना या भूमिकेबद्दल मिळाले.

पुढे मात्र बाजाराने आपले काम चोख केले. 'हुकूमत' (१९८७) चालला आणि साचा पक्का झाला. 'सडक' (१९९१) मधील कुंटणखाना चालवणाऱ्या महाराणीच्या भूमिकेला फिल्मफेअरने खलनायकासाठी नव्याने सुरू केलेला पहिला पुरस्कार मिळाला. ती भूमिका विलक्षण होती, यात शंका नाही. पण धंदेवाईक चित्रपटातील खलनायकाचे अर्थशास्त्र नीट समजून घ्यावयास हवे. सर्व पाप एका माणसाच्या माथी मारावयाचे आणि शेवटच्या रिळात त्याला ठार करावयाचे, म्हणजे प्रेक्षक समाधानाने घरी जातो आणि व्यवस्था निर्दोष सुटते. 'सडक'मध्ये महाराणी मेली की प्रश्न मिटतो. याच नटाने ज्यात काम केले त्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी' (१९९५) मध्ये तो मिटत नाही. तेथे एका खेड्यातील मुलीला अपशकुनी ठरवणारी रूढी आणि घरातील दारिद्र्य मिळून तिला मुंबईच्या वेश्यावस्तीत पोहोचवतात. मारून टाकण्याजोगा एकच एक दुष्ट सापडत नाही, म्हणून तर प्रेक्षक अस्वस्थ होतो. अशा अस्वस्थतेला तिकीटबारीवर भाव नसतो.

दूरदर्शनचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८८-८९ मध्ये सरकारी पैशातून साकारलेल्या श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'मध्ये अमरापूरकरांनी महात्मा फुले साकारले. ज्या काळात व्यापारी पडदा या चेहऱ्यात केवळ क्रौर्य शोधत होता, त्याच काळात सार्वजनिक माध्यमाला त्यात फुल्यांची करुणा आणि संताप दिसला. चेहरा एकच होता. पैसा कोणाचा आणि कशासाठी, हा फरक होता. 'सरकारने करमणुकीत पैसा घालू नये' असे म्हणणाऱ्यांनी या फरकाचा जाब द्यावा.

बाजाराने त्यांना प्रसिद्धी दिली, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. 'कुली नं. १' (१९९५) मध्ये लग्ने जुळवणाऱ्या शादीराम घरजोडेच्या भूमिकेत त्यांनी लोकांना मनमुराद हसवलेही. पण बाजारात कमावलेली पत त्यांनी बाजारातच गुंतवली नाही. सामाजिक कृतज्ञता निधी आणि अंधश्रद्धा निर्मूलन यांसारख्या कामांमागे त्यांनी ती उभी केली. वर्सोव्यात घेतलेली हरकत ही त्या आयुष्याशी सुसंगतच होती. फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. पाणी सर्वांचे आहे, हे वाक्य अमरापूरकरांच्या लेखी केवळ संवाद नव्हते.

या प्रश्नाचे दुसरे टोक सेलू तालुक्यातील वालूर येथे पाहावयास मिळते. तेथील जुन्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार वळत पाण्यापर्यंत उतरतात. गाळाने आणि कचऱ्याने भरलेली ही बारव अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. जुन्या बारवांचे भाबडे गोडवे गाण्याचे कारण नाही. गावोगावच्या पाणवठ्यांवर जातीचा पहारा शतकानुशतके होता, म्हणून तर फुल्यांना हौद खुला करावा लागला. पण पाणवठा सामाईक असेल तर त्यावरील हक्कासाठी निदान भांडता येते. टँकरचे तसे नसते. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला पैसे मोजावे लागतात. ज्याची क्रयशक्ती मोठी त्याच्या दारी पाणी नाचण्यासाठी येते आणि जिची नाही ती बाई उन्हात मैलभर चालते. बाजाराच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी 'मागणी'च असतात, आणि त्यांपैकी पहिली अधिक प्रभावी असते!

मारहाणीच्या त्या प्रसंगात कोणी गुंड नव्हता, महाराणी नव्हती. होते ते सणाचा आनंद लुटणारे सुखवस्तू शेजारी. म्हणजे तो प्रसंग 'सडक'पेक्षा 'दोघी'च्या जातीचा होता. खलनायकाचा चेहरा शोधण्याची सवय लागलेल्या समाजाला आपल्याच नळाखाली चाललेला अन्याय दिसत नाही. तो दाखवणारा माणूसच मग त्याला अडचणीचा वाटतो.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी अमरापूरकर गेले. त्यांची आठवण काढताना आजही 'महाराणी' हाच शब्द आधी ओठांवर येतो. बाजाराने तसे म्हणावे, तो त्याचा व्यवहार आहे. परिवर्तनवादी कार्यकर्त्यांनी तोच हिशेब का गिरवावा? ज्या गावांत बारवा उपसल्या जात आहेत, तेथे त्यांच्या काठावर एका संध्याकाळी 'दोघी' दाखवावा, 'भारत एक खोज'मधील फुले दाखवावेत, आणि नंतर चर्चा गावच्या पाणीवाटपाची लावावी. पुतळ्याचा खर्च नाही, अध्यक्षांच्या सोयीची तारीख शोधण्याची गरज नाही. पाण्यासाठी मार खाल्लेल्या नटाचे स्मारक याहून वेगळे असू नये.