पोथीबाहेरचे ज्ञान

रानातील वनस्पतीवर जो नफा कमावील, त्याने ती राखणाऱ्यांना वाटा द्यावा, हे २००२ च्या जैवविविधता कायद्याचे तत्त्व. देशी कंपन्यांनाही ते लागू आहे, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली दिव्य फार्मसीच्या खटल्यात ठरविले. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानास या देण्यातून मोकळीक मिळाली. म्हणजे मुळीचा गुण मान्य ग्रंथात लिहिलेला असला, की ती खणणाराच्या वाट्याचा प्रश्नच उरत नाही! पोथी शिवण्याची बंदी कोणावर होती, हे बौद्ध बांधवांस सांगावयास नको. त्या पोथ्यांत रानातल्या माणसांकडून किती उतरले, याचा हिशेब कोणी ठेवला? गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत म्हणूनच आपली माणसे हवीत. आपल्या वृद्धांचे वनस्पतिज्ञान लोकजैवविविधता नोंदवहीत त्यांच्या संमतीने व नावानिशी उतरले पाहिजे. आणि ग्रंथांना दिलेली ही सवलत रद्द करण्याची मागणी संसदेपुढे गेली पाहिजे.