आजोबांचा फोटो मोठा करताना

भिंतीवर लावायला आजोबांचा मोठा फोटो हवा असतो आणि घरात सापडतो तो ओळखपत्रावरचा इवलासा. कोणीतरी मोबाइलवर त्याचाच फोटो काढून स्टुडिओत पाठवते. फ्रेम घरी येते तेव्हा मिशांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, नाहीतर चेहरा मेणाचा वाटतो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. पुष्कळदा गोंधळ झालेला असतो तो संगणकात आकार बदलण्याची पद्धत निवडताना.

संगणकातील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलांची, जाळी. समजा, मूळ चित्रात ४०० गुणिले ५०० म्हणजे २ लाख पिक्सेल आहेत. ८ गुणिले १० इंचांची चांगली छपाई हवी, तर इंचाला ३०० या हिशेबाने ७२ लाख लागतात. उरलेले ७० लाख आणायचे कुठून? ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. हा अंदाज कसा बांधायचा, याचीच ती यादी.

'निअरेस्ट नेबर' सर्वांत जवळच्या पिक्सेलचा रंग जसाच्या तसा उचलते. रेघांचे नकाशे किंवा जुन्या संगणकीय खेळांची चित्रे यांना ती उत्तम; चेहऱ्याला मात्र पायऱ्या पडतात. 'बायलिनिअर' शेजारच्या चार पिक्सेलांचा मेळ घालते, 'बायक्युबिक' सोळांचा. चेहऱ्यासाठी सहसा हीच बरी.

पण ही गणिती नावे वाचून सामान्य माणसाला काय कळणार? फोटोशॉपमध्ये २००३ साली 'बायक्युबिक स्मूदर' आणि 'बायक्युबिक शार्पर' असे दोन प्रकार आले. पहिला चित्र मोठे करण्यासाठी, दुसरा लहान करण्यासाठी. पुढे तसा खुलासाही नावापुढे कंसात दिला जाऊ लागला. मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये मात्र बरीच वर्षे पहिला पर्याय होता 'नन', म्हणजे 'काही नको'. भोळ्या माणसाला वाटावे, यात फोटोला धक्का लागणार नाही, हेच सुरक्षित. प्रत्यक्षात तीच ती पायऱ्या पाडणारी पद्धत! अवजारावरची चिठ्ठी ते कशाने चालते यापेक्षा कशासाठी वापरायचे हे सांगणारी हवी, एवढे साधे सूत्र हुशार मंडळींनाही सुचायला वेळ लागतो.

अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पद्धती आणखी मोहक आहेत. त्या पापण्या आणि सुरकुत्याही 'काढून' देतात. पण हे तपशील इतर हजारो चेहऱ्यांवरून शिकलेले असतात. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचा अस्पष्ट फोटो दिला गेला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा सुबक चेहरा तयार केला. ओबामांना जग ओळखते म्हणून चूक लक्षात आली. आजोबांना पाहिलेले किती जण घरात उरले आहेत? असा फोटो करून घेतलाच तर मूळ फोटोशेजारी ठेवून आजीला दाखवावा, आणि तिला डोळे परके वाटले तर फ्रेम करू नये.

खरे तर मोबाइलची वाट टाळून मूळ फोटोच स्कॅनरवर न्यावा. साडेतीन गुणिले साडेचार सेंटिमीटरचा फोटो इंचाला १२०० या प्रमाणात स्कॅन केला, तर सुमारे १६५० गुणिले २१२५ पिक्सेल मिळतात. मग दीडपटीहून कमीच वाढवावे लागते आणि कोणतीही बरी पद्धत चालून जाते. ती मूळ स्कॅन तशीच जपावी. मोठी केलेली प्रत वेगळ्या नावाने साठवावी आणि नावातच पद्धत लिहावी: 'आजोबा, ८ बाय १०, बायक्युबिक'.