बस्त्यापलीकडची सुरत

आम्हां अमळनेरकरांना सुरत ठाऊक आहे ती दोन कारणांनी : लग्नाचा बस्ता आणि नोकरी. शनिवार-रविवार जोडून नुसती सुरत पाहायला जाऊ म्हटले, की मित्र हसतात. मला हे हसणे पटत नाही. १६६४ ची सुरतेची लूट आपण अभिमानाने सांगतो. पण त्या वेळी इंग्रजांची वखार लढवणाऱ्या जॉर्ज ऑक्झेंडनची कबर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला, डचांचे कबरस्तान, जुने बंदर, हे सारे आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. आपल्या बोरीचे पाणीसुद्धा तापीला मिळून तिकडेच जाते. मित्रहो, पुढच्या बस्त्याला गेलात की मुक्काम एक दिवस वाढवा आणि बाजाराआधी बंदर पाहा.