भुतांचे हॉटेल आणि मेलेली नदी



‘सर, भुते खरोखर असतात का हो?’ हा प्रश्न ज्याने विचारला नाही असा वर्ग मला अजून भेटायचा आहे. प्रकाश शिकवीत असलो काय किंवा ध्वनी शिकवीत असलो काय, मागच्या बाकावरून तो येतोच. ‘नसतात’ असे एका शब्दात सांगून मोकळे होता येते. पण तेवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही. म्हणून आज तुम्हांला एका झपाटलेल्या म्हणून गाजलेल्या वास्तूची हकीगत सांगतो.

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात कोलंबिया हा देश शोधा. त्याची राजधानी बोगोटा ही सुमारे २६०० मीटर उंचीच्या पठारावर वसली आहे. पठाराचे पाणी गोळा करून निघालेली बोगोटा नदी शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरांवर एका कड्यावरून खाली झेप घेते. हाच तेकेंदामाचा धबधबा. त्याची उंची सव्वाशे मीटरांहून अधिक आहे. १८०१ साली अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट हा थोर जर्मन शास्त्रज्ञ तो पाहून आला होता. या धबधब्यासमोर, दरीच्या अगदी काठावर, १९२३ साली एक देखणा वाडा उभा राहिला आणि १९२८ साली त्यात हॉटेल सुरू झाले. बोगोट्याची धनिक मंडळी तेथे हवापालटासाठी येत. पुढे १९९० च्या दशकात ते बंद पडले. ओसाड वाडा, पायाशी दरी, भोवती धुके! मग काय विचारता? खिडक्यांत आकृत्या दिसतात, रात्री आवाज येतात, अशा कथा पसरल्या. त्या कड्यावर पूर्वी काही दुःखी माणसांचा अंत झाला होता. त्यांचे आत्मे हॉटेलात मुक्कामाला आहेत असे लोक सांगू लागले.

आता पदार्थविज्ञान काय म्हणते ते पाहू. धबधब्याजवळच्या हवेत पाण्याचे सूक्ष्म थेंब तरंगत असतात. पाठीमागून प्रकाश आला की आपलीच सावली समोरच्या धुक्यावर पडते. भिंत सपाट असते, धुक्याला मात्र जाडी असते. त्यामुळे ही सावली खोल, हलणारी आणि अवाढव्य भासते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्या रंगीत वलयात आपलीच सावली पाहिल्याचे आठवेल.

ध्वनीचे काय? कोसळणाऱ्या पाण्यातून २० हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेचा, म्हणजे कानांना ऐकू न येणारा अवश्राव्य ध्वनीही निघतो. विक टँडी या इंग्रज अभियंत्याला आपल्या प्रयोगशाळेत एक करडी आकृती दिसल्याचा भास झाला होता. एका पंख्यामुळे तेथे सुमारे १९ हर्ट्झचा ध्वनी निर्माण होत होता आणि भासाचे कारण तेच असावे, असे त्याने १९९८ साली मांडले. कल्पना मोठी आकर्षक आहे. पण लंडनमधील एका प्रयोगात खोलीत असा ध्वनी सोडला तेव्हा आणि सोडला नाही तेव्हाही लोकांना विचित्र अनुभव आले. ‘येथे काहीतरी वेगळे जाणवू शकेल’ असे त्यांना आधीच सांगितले होते! या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘भूत नव्हे, तो अवश्राव्य ध्वनीच’ असे ठासून सांगणाऱ्यावरही मी लगेच विश्वास ठेवणार नाही. मोजमाप न करता भुताच्या जागी एक शास्त्रीय शब्द बसवला, तर शब्द बदलतो, विचार करण्याची रीत तीच राहते.

परंतु भुताच्या कथेवर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. हॉटेल ओस पडले ते भुतांमुळे नव्हे, नदीमुळे. बोगोट्याची लोकसंख्या वाढली आणि शहराचे सांडपाणी नदीत येत राहिले. सांडपाण्यातील घाण कुजवताना जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तयार होऊ लागतो. सोड्याची बाटली हलवून उघडली की वायू कसा फसफसून बाहेर पडतो? तसेच पाणी कड्यावरून आपटून फुटले की त्यात विरघळलेले वायू हवेत सुटतात. म्हणजे जो धबधबा पाहायला लोक यायचे, तोच दुर्गंध पसरवू लागला. पर्यटक येईनासे झाले आणि हॉटेलला टाळे लागले.

आता सांगा, यात भयंकर काय आहे? खिडकीतली आकृती, की एका मोठ्या शहराने मारलेली नदी? भुताच्या कथेने लोकांची नजर खिडकीकडे लावली आणि नदीकडे पाठ फिरवायला शिकवले. जी माणसे तेथे दुःखाने गेली, त्यांना खरे तर कोणाच्या तरी आधाराची गरज होती; कथेने त्यांनाही करमणुकीचा विषय केले.

यावरून सगळ्याच दंतकथा टाकाऊ असतात असे मात्र समजू नका. त्या भागातील मुइस्का लोकांची कथा आहे की, एकदा सारे पठार पाण्याखाली गेले, तेव्हा बोचिका या त्यांच्या पूज्य पुरुषाने आपल्या दंडाने खडक फोडून पाण्याला वाट दिली आणि हा धबधबा झाला. भूशास्त्रज्ञ सांगतात की, बोगोट्याच्या पठारावर प्राचीन काळी खरोखरच विशाल सरोवर होते. दंडाने खडक फुटत नाही हे खरे. पण ही कथा ऐकणारा पठाराकडे आणि पाण्याकडे पाहतो. म्हणून कोणतीही कथा ऐकली की विचारा: ही मला काय पाहायला लावते आणि काय लपवते?

त्या वाड्याची गोष्ट अजून संपलेली नाही. २०१३ पासून तेथे निसर्ग आणि संस्कृती यांचे संग्रहालय उभे राहिले, आणि २०१४ साली कोलंबियातील वरिष्ठ न्यायालयाने बोगोटा नदी स्वच्छ करण्याचा आदेश दिला. मांत्रिक बोलावून हे झाले नाही. पाण्याचे नमुने तपासणाऱ्यांनी, दाद मागणाऱ्यांनी आणि निकाल देणाऱ्यांनी ते केले. आदेशाने नदी एका दिवसात निर्मळ होत नसते. पण दोष कोठे आहे हे त्यामुळे ठरले.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांनी भुताचा विषय काढला तर त्यांना दटावू नका. त्यांना गावच्या पुलावर घेऊन जा. पाण्यात न उतरता पाण्याचा रंग, वास आणि फेस यांची नोंद पावसाळ्याआधी आणि नंतर वहीत करू द्या. गावाचे कोणते गटार नदीला कोठे मिळते, याचा नकाशा काढू द्या. आणि मित्रहो, ती वही घेऊन एकदा ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा. तेथे उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहा, जसा तुम्ही मला भुतांबद्दल विचारता.