सौंदर्य सल्ला : लेयर कट करण्यापूर्वी आपले केस ओळखा

लग्नसराई किंवा सणवार जवळ आले की अनेक जणी लेयर कट करून घेण्याचा बेत आखतात. पार्लरमध्ये फोटो दाखवायचा आणि ‘असाच हवा’ म्हणायचे, हा झाला सोपा मार्ग. पण फोटोतल्या मुलीचे केस आणि आपले केस एका जातीचे नसतील, तर तोच कट आपल्याला शोभेलच असे नाही. शिवाय कापलेले केस पुन्हा जोडता येत नाहीत. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे खांद्यापर्यंत आखूड केलेली बट पुन्हा कमरेपर्यंत यायला तीन वर्षे तरी लागतात.

‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्यातील जेनिफर अॅनिस्टनच्या रेचेल या भूमिकेमुळे तिचा लेयर कट जगभर गाजला. मात्र हा कट घरी एकटीने सांभाळणे अवघड होते, असे पुढे तिनेच सांगितले. तेव्हा फोटो पाहण्याआधी आरसा पाहा.

केसांचा प्रकार कसा ओळखाल?

केस धुऊन टॉवेलने टिपा आणि न विंचरता आपोआप वाळू द्या. ते सपाट राहतात, लाटांसारखे वळतात की गोल वेटोळी घेतात, हे लगेच दिसेल. मग एक केस शिवणाच्या बारीक दोऱ्याशेजारी ठेवा. दोऱ्यापुढे तो जेमतेम दिसत असेल तर केस बारीक, ठळक दिसत असेल तर जाड. शेवटी भांग पाहा. भांगाची रेघ रुंद दिसत असेल, तर केस विरळ आहेत असे समजा. बारीक आणि विरळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस बारीक असूनही दाट असू शकतात.

सरळ व विरळ केस : लेयरमुळे केस भरगच्च दिसतील, या आशेने बऱ्याच जणी येथेच फसतात. प्रत्येक लेयर खालच्या टोकाचे केस कमी करतो. त्यामुळे शेंडे शेपटीसारखे दिसू लागतात. अशा केसांची खालची रेघ सरळ ठेवावी, लांबी खांद्याच्या आसपास असावी आणि फक्त चेहऱ्याभोवती दोन-तीन हलके लेयर घ्यावेत.

सरळ व दाट केस : यांना लांब लेयर छान दिसतात. पहिला लेयर हनुवटीच्या खाली सुरू करावा. तो फार वर घेतला, तर पायऱ्या उठून दिसतात. टोके कात्री उभी धरून कापायला सांगा, म्हणजे लेयर एकमेकांत मिसळतात.

लहरदार केस : लेयर कट यांच्यासाठीच जणू बनला आहे. वजन कमी झाले की लाटा आपोआप उठून दिसतात.

कुरळे केस : ओले असताना हे केस लांब दिसतात, पण वाळल्यावर वर उडतात. म्हणून ठरवलेल्या लांबीपेक्षा चार बोटे लांबच कापायला सांगा. शक्य असेल तर कोरडे असतानाच कापून घ्या. सगळे केस एकाच लांबीचे ठेवले, तर डोक्यावर चपटे आणि खाली त्रिकोणी दिसतात. लांब लेयर हा दोष घालवतात.

राठ व फुगणारे केस : आखूड लेयर आणि वस्तरा, दोन्ही टाळा. मुंबई, कोकण, गोवा यांसारख्या दमट हवेत आखूड बटा पावसाळ्यात लगेच फुगतात. केसांच्या वजनानेच असे केस खाली बसतात.

बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी बहुतेक जणींचे केस जास्त गळतात. ‘आता कापूनच टाकते’ असे वाटण्याची हीच वेळ असते. पण हे गळणे सहसा तात्पुरते असते आणि वर्षभरात केस पूर्ववत होऊ लागतात. तोवर नुसते ट्रिमिंग करा, लेयरचा निर्णय पुढे ढकला. वर्षानंतरही गळणे थांबले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पार्लरमध्ये काय सांगाल?

रोज वेणी घालता, अंबाडा बांधता की केस मोकळे सोडता, हे आधी सांगा. आखूड लेयर वेणीतून बाहेर डोकावतात. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या किंवा स्वयंपाकघरात दिवसभर वावरणाऱ्या स्त्रीला मग दहा-दहा पिना लावाव्या लागतात. केसांना मेंदी किंवा रंग लावला असेल, ते सरळ करून घेतले असतील, तर तेही लपवू नका. ‘थोडेसे कापा’ असे म्हणण्यापेक्षा सर्वांत आखूड बट कुठपर्यंत हवी, ते बोटाने दाखवा. पहिल्या खेपेला दोनच लेयर घ्या. आवडले तर पुढच्या वेळी आणखी घेता येतील.

कट झाल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी टोके सारखी करून घ्या, नाहीतर लेयरचा आकार बिघडतो. तेवढा वेळ आणि खर्च परवडणार नसेल, तर साधा यू कट निवडा. तो वाढला तरी बेढब दिसत नाही आणि सकाळच्या घाईत नुसता कंगवा फिरवला तरी पुरतो.